जुन्या सायकलींच्या पार्टचं मूळगाव

भंगार एकदा घरात आलं की त्याच्या मागोमाग गोष्टी येतात, आणि गोष्टी भंगारापेक्षा जास्त जागा अडवतात. आमच्या उमरोळीच्या घराची पडवी सध्या दोन्हींनी भरलेली आहे. पार्ट निदान विकले तरी जातात. किस्से मात्र पाहुणे आले की पुन्हा बाहेर काढावे लागतात, आणि दर वेळी कोणीतरी म्हणतं, "अरे, तो लिंबाचा सांग ना."

तर आधी आम्ही कोण ते सांगतो. मी बोईसरला एका कारखान्यात टूलरूममध्ये टर्नर आहे. माझी बायको सुवर्णा तारापूरकडच्या एका औषध कंपनीत, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये. तिचे मामा, जयवंतमामा, पालघरला राहतात. पाइपच्या कारखान्यात उभं आयुष्य स्टोअरकीपर होते, आता रिटायर झालेत, पण रजिस्टर काही सुटलेलं नाही. आणि चौथे अख्तरभाई, बोईसरचे भंगारवाले. दर रविवारी आम्ही चौघं पडवीत बसतो आणि जुन्या, परदेशी माउंटन बाइकचे सुटे भाग धुतो, पुसतो, ओळखतो आणि विकतो.

आता या पट्ट्यात असल्या सायकली आल्या कुठून? काही परदेशी इंजिनिअर मशिनं बसवायला आले तेव्हा बरोबर घेऊन आले आणि जाताना इथेच टाकून गेले. बाकीच्या भंगाराच्या कंटेनरमधून आल्या, वितळवायला. ज्या पार्टकडे इथे कोणी ढुंकून बघत नाही, त्यासाठी पुण्या-बंगळूरचे हौशी लोक जीव टाकतात. पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: हा आला कुठून, कधीचा, कोणाचा?

म्हणून मामांनी पहिल्याच रविवारी नियम केला. "मूळगाव कळल्याशिवाय माल दाराबाहेर जाणार नाही. रेल्वेत चुकलेल्या माणसासारखं विकायचं नाही कोणाला."

* * *

सुरुवातीला आमचं कोणी ऐकून घेत नव्हतं. पुण्याचं एक गिऱ्हाईक होतं, या विषयातला मोठा जाणकार. त्याला आम्ही एका जपानी कंपनीचा मागचा डिरेलर दाखवला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा तो पार्ट. फोटो बघून त्याने फोनवर सांगितलं, "हा जुना नाही. नंतरची नक्कल आहे. तुम्हाला काय कळणार म्हणा."

शेवटचं वाक्य सुवर्णाने ऐकलं. तिने पडवीत चटई टाकली आणि घरात त्या जपानी कंपनीचे जेवढे डिरेलर होते तेवढे उलटे मांडले, सतरा-अठरा असतील. प्रत्येकाच्या पाठीवर दोन बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती. मी ती रोज बघायचो, पण कारखान्याची काहीतरी खूण असेल म्हणून सोडून द्यायचो.

तिने सगळी अक्षरं कागदावर उतरवली आणि चहा पिता पिता बघत बसली. मग म्हणाली, "पहिलं अक्षर कुठलंही आहे. दुसरं मात्र एकदाही एलच्या पुढे गेलेलं नाही."

"बरं मग?"

"ए पासून एल पर्यंत मोज."

मी बोटांवर मोजलं. बारा.

"महिने आहेत," ती म्हणाली. "आणि पहिलं अक्षर म्हणजे वर्ष. आमच्याकडे बॅच नंबर असाच पाडतात."

तीन पार्ट असे होते की ज्यांची वर्षं आम्हाला कागदोपत्री माहीत होती. ती लावून बघितली. बरोबर बसली. त्या जाणकाराला तिने स्वतः फोन लावला आणि त्या डिरेलरचं वर्षच काय, महिनाही सांगितला.  मग त्याने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

सुवर्णा म्हणाली, "आमच्याकडे तापाच्या गोळीलासुद्धा जन्मतारीख असते. तुमचा तर केवढा मोठा लोखंडाचा तुकडा आहे."

त्या दिवसापासून तो तिला मॅडम म्हणतो आणि मला नुसतं हॅलो.

* * *

आता लिंबाचा किस्सा.

बंगळूरच्या एका माणसाला पुढचं चाक धरणारा दोन पायांचा फोर्क हवा होता, शॉक अॅब्सॉर्बरचा. त्याचं म्हणणं, पहिल्या वर्षी या फोर्कचे पाय मॅग्नेशियमचे निघाले होते, नंतर कंपनीने अॅल्युमिनियमचे केले. त्याला पहिल्या वर्षाचाच पाहिजे होता. रंगाखाली दोन्ही दिसायला सारखेच, आणि नंबरचं स्टिकर कधीच झिजून गेलेलं.

तो व्हिडिओ कॉलवर होता. मी वजन करून बघितलं, तरी खात्री वाटेना. मामा रजिस्टर चाळत होते. अख्तरभाई तेव्हा आमच्यात नवीन होते. सायकलचं सामान म्हणजे किलोवर विकायचा माल, एवढंच ते मानायचे. ते बाजूला उसळपाव खात बसले होते. त्यांनी फोर्ककडे एकदा बघितलं, आतल्या बाजूला जिथे कोणाला दिसणार नाही तिथे कानशीने नखाएवढा रंग खरवडला आणि बशीतली लिंबाची फोड उचलून त्यावर पिळली.

कॉलवरचा माणूस मूळचा सोलापूरचा. तो घाबरून मराठीत ओरडला, "अहो, काय उतारा काढताय का काय त्याच्यावर?"

"रुको," अख्तरभाई म्हणाले. "कान लगाओ."

मी फोन जवळ नेला. लिंबाचा रस त्या जागी बारीक फसफसत होता, सोडा फोडल्यासारखा.

"अॅल्युमिनियम चुप बैठता है," अख्तरभाई म्हणाले. "मॅग्नेशियम बोलता है. अठ्ठाईस साल से सुन रहा हूँ मैं. भट्टी में गलती से चला जाए तो आग पकडता है, इसलिए पहले लिंबू."

मी रस पुसून ती जागा धुतली, रंगाचा हात मारला. फोर्क बंगळूरला गेला. आठवड्याने त्या माणसाचा मेसेज आला: त्याच्या ग्रुपमधल्या नऊ जणांनी आपापल्या फोर्कवर लिंबू पिळून बघितलं, आणि पाच जणांचे गप्प बसले.

* * *

सगळ्याच वेळी आमची जीत होते असं नाही. पाम गावचे एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, अंगापिंडाने भरलेले. त्यांनी एक चामड्याची जुनी सीट हातात घेतली. मामा लगेच सुरू झाले. ही कुठल्या देशातली, चामडं कुठल्या जनावराचं, रिबिटं हाताने कशी ठोकलीत, आधी कोणत्या सायकलवर होती, तिचा मालक कोण. अर्धा तास झाला. गृहस्थांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

मग विचारलं, "ते सगळं ठीक हाय. बसायला बरी हाय का?"

मामांनी पानं चाळली. रजिस्टरमध्ये तो रकानाच नव्हता. आता आहे.

* * *

एकदा मी चिंचणीला गेलो होतो, सायकलसाठी नाही, वर्षाचे सुके बोंबील आणायला. यमुनाकाकींकडून आम्ही नेहमी घेतो. त्यांच्या अंगणात बोंबील वाळत घालायचे बांबू बांधलेले. मी पिशवी धरून उभा होतो आणि नजर एका आडव्या दांड्यावर गेली. बाकी सगळं लोखंड, खिळे, तारा, खाऱ्या वाऱ्याने लालभडक झालेलं. हा एकच दांडा राखाडी, कोरा करकरीत.

मी हात लावला. मध्ये जाड, टोकांना निमुळता. माउंटन बाइकचं हँडल होतं ते, आणि टायटॅनियमचं. 

"काकी, हा दांडा किती वर्षांचा?"

"माज्या सासऱ्यानं बांधला. एक गोरा इंजिनेर ऱ्हायचा इथं भाड्यानं, रोज वाळूतनं सायकल फिरवायचा. जाताना सासऱ्याला दिली. सायकल गेली, चेन गेली, नवरा बी गेला. हा दांडा हाय तसा हाय."

"मला द्याल का? मागाल ते देतो."

काकींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "पैसे घेऊन मी बोंबील कशावर घालू? असाच दुसरा आण. गंज नाय पकडला पायजे."

मी कारखान्यात रीतसर परवानगी काढून लेथवर चांगल्या स्टेनलेसचा दांडा फिरवला, तस्साच मध्ये जाड, टोकांना निमुळता. पॉलिश असं केलं की चेहरा दिसावा. चार दिवसांनी घेऊन गेलो. इकडे पुण्याच्या त्या जाणकाराला मी हँडल द्यायचं कबूलही करून टाकलं होतं, आणि तो रोज फोन करत होता.

काकींनी माझा दांडा वाजवून बघितला, जुन्याच्या शेजारी बांधला आणि म्हणाल्या, "पावसाळा काढू दे ह्याला. मग बघू."

"काकी, पावसाळ्याला अजून दोन महिने आहेत."

"मग काय झालं? मासे पळून चाललेत काय?"

पुण्याच्या माणसाला सांगितलं, की हँडल मिळणार आहे, पण एक तपासणी बाकी आहे. त्याने विचारलं, कोणती लॅब? मी म्हटलं, चिंचणी.

गणपती झाल्यावर काकींचा फोन आला. "ये. पास झाला तुजा दांडा." जुनं हँडल त्यांनी धुऊन, खोबरेल लावून, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं होतं. आणि वर एक फोटो. त्या गोऱ्या इंजिनिअरने काढलेला: समुद्र, सायकलवर बसलेले काकींचे सासरे, दोन्ही हात त्या हँडलवर. मूळगावाचा एवढा पक्का पुरावा आमच्याकडे आजवर दुसऱ्या कुठल्याच पार्टचा नाही. फोटोची आम्ही प्रत काढून घेतली. मूळ फोटो काकींनी तिथल्या तिथे परत मागितला.

* * *

मामांच्या रजिस्टरला आम्ही हसायचो. प्रत्येक पार्टचं वर्णन, प्रत्येक ओरखडा, कुठे गेला, कोणाला गेला. मी म्हणायचो, "मामा, एवढं पोलीसही लिहीत नाहीत."

एका रविवारी एक माणूस गाडीतून आला. इस्त्रीचे कपडे, गॉगल. डिकीतून चाकांची जोडी काढली, लाल हबची. म्हणाला, "काकांची आहेत. जर्मनीहून आणली होती त्यांनी. आता काका वारले, ठेवायला जागा नाही."

चाकं सुंदर होती. मी खूश झालो. मामांनी मागचं चाक मांडीवर घेतलं आणि हळूहळू फिरवायला लागले. एका जागी थांबले, पुन्हा फिरवलं, पुन्हा त्याच जागी थांबले. मग सुवर्णाला म्हणाले, "पाहुण्यांना चहा टाक. आल्याचा, चांगला उकळून."

आल्याचा, चांगला उकळून, म्हणजे वेळ काढ, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सुवर्णा आत गेली. मामा रजिस्टर घेऊन बसले. त्या माणसाला काका कोण, जर्मनीत कुठल्या गावी, कोणत्या कारखान्यात, असं प्रेमाने विचारत राहिले. तोही सांगत राहिला. काकांचा स्वभाव, काकांचे मधुमेहाचे हाल, सगळं.

चहा आला. मामांनी रजिस्टरचं एक पान त्याच्यापुढे सरकवलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमच्या काकांचं नाव वैशाली होतं का?"

मामांनी पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"मागचं चाक, व्हॉल्व्हपासून सहावा स्पोक वेगळ्या कंपनीचा, त्याच्या टोकाची निपल पितळेची. हे माझं अक्षर. चाकं आम्हीच विकली, पालघरला, वैशाली नावाच्या पीटीच्या बाईंना. गेल्या महिन्यात त्यांच्या जिन्याखालून सायकल गेली. रडत फोन केला होता त्यांनी."

लाल हब सुवर्णालाही आठवले होते; चहा उकळेपर्यंत तिने आतून वैशालीबाईंना फोन लावला होता. त्या माणसाने आधी आवाज चढवला, मग उतरवला. आपण चोरलेली नाहीत, स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, एवढं कबूल केलं आणि ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव दिलं. त्या नावावरून पुढे पोलिसांना बाकीची सायकलही मिळाली, आणखी दोन सायकलींसकट.

वैशालीबाई अर्ध्या तासात आल्या, रविवारच्या सरावाच्या ट्रॅकसूटमध्येच. चाक बघितलं, सहाव्या स्पोकवर बोट ठेवलं आणि मामांच्या पाया पडल्या. मामा अवघडले. म्हणाले, "माझ्या नाही हो, रजिस्टरच्या पडा."

आणि त्या खरंच पडल्या.

* * *

आता शेवटचा. हा मी शक्यतो घाई असताना सांगत नाही.

अख्तरभाईंच्या एका गोणीत, मिसळलेल्या मालात, एक स्टेम मिळाला. स्टेम म्हणजे हँडल आणि सायकल यांना जोडणारी मान. यावर नाव नाही, नंबर नाही. पण काम असं की मी टर्नर माणूस, बघतच बसलो. दोन नळ्या पितळेने जोडलेल्या, आणि जोड एवढा गुळगुळीत की एक नळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते बोटाला कळत नव्हतं. कानशीचा एक ओरखडा नाही. खालच्या अंगाला फक्त एक बारीक खूण: त्रिकोण आणि त्याखाली एक वळणदार रेघ.

सुवर्णाने फोटो परदेशी लोकांच्या ग्रुपवर टाकले. तिथे भांडणंच सुरू झाली. कोणी म्हणालं अमेरिकेतला अमुक कारागीर, कोणी म्हणालं इंग्लंडमधला तमुक. स्वित्झर्लंडच्या एका संग्राहकाने लगेच मागणी घातली, पण त्याला करणाऱ्याचं नाव हवं होतं. सुवर्णाने एकेकाला पत्रं लिहिली. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने उत्तर पाठवलं: "माझा नाही. असता तर बरं झालं असतं."

आठ महिने गेले. मामांच्या रजिस्टरमध्ये त्या एकाच ओळीसमोर जागा कोरी होती, आणि ती त्यांना छळायची.

दसऱ्याला आमच्या टूलरूममध्ये मशिनांची पूजा असते. रिटायर झालेले जुने कामगारही त्या दिवशी येतात. मी माझ्या लेथवर फुलं, हळदकुंकू, मायक्रोमीटर मांडला आणि त्यांच्या शेजारी तो स्टेमही ठेवला. म्हटलं, एवढं चांगलं काम आहे, त्याचीही पूजा होऊ दे.

नवशाकाका प्रसाद घ्यायला आले. डोंगराकडच्या पाड्यावरचे, दहा-बारा वर्षांपूर्वी रिटायर झालेले गॅस वेल्डर. आता पावसावरचा भातशेतीचा तुकडा बघतात. त्यांनी माझ्या मशिनला नमस्कार केला, स्टेम उचलला, आणि बोलता बोलताच त्यांचा अंगठा खालून त्या खुणेवर जाऊन थांबला. न बघता.

"ही तुला कुठं गावली?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. "काका, तुम्हाला माहीत आहे ही?"

"डाक्टरीणबाईची हाय. त्या पाड्यापाड्यावर सायकलनं यायच्या, सुया द्यायला. त्यांच्या भावानं बाहेरदेशातनं पाठवलेली सायकल. आमच्या चढावर मान मोडली तिची. नवीन यायला चार महिने लागतील म्हनल्या. तवर पाड्यावर कोन येनार? मंग मी केली. सायबाला इचारून बॉयलरच्या नळीचा तुकडा घेतला, जेवनाच्या सुट्टीत आठ दिवस."

"आणि ही खूण?"

"तवा सही येत नव्हती मला. आमचा डोंगर, त्याच्याखाली नदी. माज्या हत्यारांवर बी हीच हाय."

मी त्यांना रविवारी घरी आणलं. सुवर्णा कशावरही पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाही. तिने विचारलं, "काका, कानशीचा ओरखडा कसा नाही याच्यावर?"

"कानस कशाला? सुंभ आन् नदीची रेती. दोन टोकं धरून घासायचं, ताक घुसळत्यात तसं."

तरी तिची खात्री होईना. तेव्हा काकाच म्हणाले, "हँडल जिथं बसतं ना, तिथं आत बघ. सुईएवढं भोक असंल. तापवताना आतली हवा जायला मी ठेवतो."

आठ महिन्यांत आमच्यापैकी कोणी तिथे बघितलं नव्हतं. मी टॉर्च लावला. सुवर्णा वाकली. भोक तिथेच होतं. वर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि मामांनी रजिस्टर उघडून पेनाचं टोपण काढलं होतं. "पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले, "आणि पाड्याचं नाव." काका म्हणाले, "आता सही येते मला." आणि त्यांनी त्या कोऱ्या जागेत स्वतःच्या हाताने सही केली.

आम्ही तो स्टेम त्यांच्यापुढे ठेवला, तुमचा आहे, न्या. त्यांनी नको म्हटलं. "बाई गेल्या. मी घरात ठेवून काय करू? चालवंल त्याला द्या."

सुवर्णाने स्वित्झर्लंडला सगळं लिहून पाठवलं: नाव, पाडा, डोंगर, नदी, सुंभ, रेती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. स्टेम तर हवाच आहे, पण त्या गृहस्थांनी आणखी एक बनवला तर तो कितीही वर्षं थांबायला तयार आहे.

निरोप सांगायला आम्ही चौघंही पाड्यावर गेलो. नवशाकाका बांधावर बसून कोयत्याला मूठ बसवत होते. सुवर्णाने पत्र वाचून त्याचा अर्थ सांगितला. कोण लिहितंय, कुठल्या देशातून, काय मागतंय. अख्तरभाई हिंदीतून भर घालत होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं, कोयत्याची मूठ हलवून बघितली, आणि समोरच्या डोंगराकडे बघितलं.

"करीन," ते म्हणाले. "पन आधी त्याला इचार, त्याच्याकडं चढ हाय का?"